ताईच्या वतीने

ताईला सही करायला शिकवलं ते धाकट्या भावानेच. आई गेली तेव्हा तो रांगत होता. ताईने शिवणाच्या मशीनवर पाय मारत त्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. पुढे तिची पन्नाशी उलटल्यावर त्याने तिचा हात हातात धरून तिच्याकडून तिच्या नावाची अक्षरं गिरवून घेतली. त्यामुळे त्याने मुखत्यारपत्र पुढे ठेवलं तेव्हा तिने ते वाचून घ्यायची तसदीच घेतली नाही. सही मात्र ऐटीत केली.

"बँक, कर, दवाखान्याची बिलं, आता सगळं मी बघतो," धाकटा म्हणाला. "तू नुसता हुकूम सोड."

"आयुष्यभर तेच केलं. कधी ऐकलंस?"

कागद तयार करणारे वकीलसाहेब हसले. ताईने रद्द करेपर्यंत, किंवा दोघांपैकी एक जण जाईपर्यंत पत्र चालेल, असं त्यांनी समजावलं. मग सगळं मूळ जागी, ताईच्या हाती.

"मग काय, मीच आधी जाणार," ताई म्हणाली. तिच्या छातीत गाठ होती. पुढच्या हिवाळ्याचा विषय निघाला की डॉक्टर खिडकीबाहेर बघत.

धाकटा तिच्या वतीने पहिल्यांदा बँकेत सही करून आला, त्या संध्याकाळी ताईने चहा केला. कप घेऊन खिडकीशी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, आज भिंत धरावी लागली नाही. उजवा गुडघा गप्प होता. नव्या गोळ्या लागू पडल्या, असं तिला वाटलं.

पुढच्या खेपेला धाकटा जिना चढताना तिने ऐकलं. एक पाऊल, जरा थांबणं, मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर. ती स्वतः तशीच चढायची.

"काय रे, पायाला काय झालं?"

"मुरगळला असेल," तो म्हणाला.

मग तिचा खोकला ओसरला. दोन आखूड, एक लांब, असा तो खोकला शेजाऱ्यांनाही पाठ होता.

एका सकाळी ती नखं कापायला बसली. तरुणपणी मशीनची सुई तिच्या डाव्या तर्जनीतून आरपार गेली होती. तेव्हापासून ते नख मधोमध चिरलेलंच वाढायचं. आज ते अखंड होतं. तिने त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. नख सांधायची गोळी तर तिला कुणी दिली नव्हती. ती कुणाला काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात एक अनोळखी माणूस खाली तिच्या शिवणाच्या दुकानात शिरला आणि टेपने भिंती मोजू लागला.

"भावाने सांगितलं नाही तुम्हाला? घराचा इसार झालाय. तुम्ही वृद्धाश्रमात जाणार म्हणे." मग मशीनकडे बघून म्हणाला, "हे भंगारात द्यायचं ना?"

ताईने मशीनवर कापड घातलं, जणू ते उघडं पडलं होतं. वर येऊन तिने धाकट्याला फोन लावला.

"केसाने गळा कापलास रे माझा."

"तुझ्या सोयीसाठीच केलं, ताई. जिने चढवत नव्हते तुला. आणि आता असे किती दिवस..."

"बोल की. थांबलास का?"

फोनमधून खोकला आला. दोन आखूड, एक लांब.

डॉक्टरांनी तिच्या छातीचे नवे फोटो उजेडात धरले, जुन्यांशेजारी धरले, नाव परत वाचलं. गाठ नव्हती.

पत्र रद्द करायला वकीलसाहेबांनी दिलेल्या दिवशी ताई त्यांच्या कचेरीत गेली. बाहेरच्या बाकावर धाकटा आधीच येऊन बसला होता. गालफडं आत गेलेली, सदरा खुंटीला लावल्यासारखा अंगावर लोंबत होता. डावा हात खिशात.

"घर नको मला, ताई. रद्द कर. आजच कर." त्याने खिशातला हात बाहेर काढला. तर्जनीचं नख मधोमध चिरलेलं होतं. "हे तुझं तू घे."

ताईने ते नख ओळखलं. याच बोटाला धरून त्याला चालायला शिकवलं होतं, तेव्हा ते बोट तिचं होतं.

"मी कुठे काय दिलं? सगळं मी बघतो म्हणालास. बघ."

ती आत गेली. वकीलसाहेबांनी कागद पुढे केला.

"विक्री अजून पक्की झालेली नाही. ही सही केलीत की घर तुमचं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचंही. सगळं पहिल्यासारखं."

ताईने पेन घेतलं. आपल्या नावाचं पहिलं अक्षर कुठून सुरू होतं ते तिला आठवलं, आणि तिचा हात धरणारा हातही आठवला.

तिने पेनाला टोपण लावलं.

"राहू दे. घर गेलं तरी चालेल."

"अहो, पण मग पत्र चालूच राहील, दोघांपैकी एक जण जाईपर्यंत."

"राहू दे."

वकीलसाहेब कागद आवरू लागले.

बाहेर खोकला सुरू झाला.

एक आखूड.

दुसरी आखूड.

ताई लांब उबळीची वाट बघत राहिली. बाहेर बाक करकरला आणि स्वस्थ झाला.

तिसरी उबळ आली, ती तिच्या घशातून.