पहिल्या हाकेला ओ

दिपेश, बघितले ते फोटो. हॉटेल झकास आहे. लग्नाला वर्ष झालं तुमच्या, अमिषाला हौस आहे, जा की. मी कशाला आडवा येऊ? फक्त ते बांधायच्या आधी त्या जागी काय होतं, तेवढं विचारून ठेव. हसू नका रे. तुमचा काका म्हातारा झालाय, अजून चळलेला नाही. त्या दाराशी कोण बसलंय, जरा आत सरका. सांगतो.

माझा साडू बुधाजी, ह्याच्याच बाबतीत झालेली गोष्ट आहे. उभा जन्म मिठागरात आणि खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, गेलेला माणूस. त्याचा एकुलता एक मुलगा केतन न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर आहे. बुधाजीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. केतनला सुट्टी मिळाली ती दोन ऑक्टोबरची, दोन हजार चोवीस साल, बुधवार. त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. माझी बायको म्हणाली, अरे, दिवस तरी बघा. पण डॉक्टरच्या तारखा पंचांग बघून पडत नाहीत, आणि पोरांच्या सुट्ट्या तर त्याहून नाही.

ऑपरेशन पनवेलला झालं, नीट झालं. डोळ्यावर पट्टी. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, नाहीतर डोळा गेला म्हणून समजा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. सकाळी पट्टी काढायला परत यायचं होतं. आमच्या गावाकडचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, त्या खड्ड्यांतून ताज्या डोळ्याचा माणूस नेणं म्हणजे पाप. म्हणून केतननं दवाखान्याच्या जवळच, भर बाजारात, नवं झालेलं हॉटेल घेतलं. जन्मभर चटईवर झोपलेल्या बापाला एक रात्र तरी चांगल्या गादीवर झोपवावं, एवढीच त्याची इच्छा. चांगला पोरगा आहे तो.

हॉटेलचं नाव काय, तर ‘खाजण’. इंग्रजी अक्षरांत. आम्ही खाजणातून बाहेर पडायला दोन पिढ्या घातल्या आणि ह्या लोकांनी त्याची पाटी करून लावली. भिंतीवर मिठागराचे काळेपांढरे फोटो, काचेच्या बरण्यांत जाडं मीठ, सगळीकडे मंद पिवळे दिवे. शहर वाढलं तसा आमच्याच खाडीचा जुना बांध भराव टाकून बुजवला आणि त्यावरच ही इमारत उभी राहिली, हे आम्हाला मागाहून कळलं. खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी म्हणजे एक अख्खी काच, न उघडणारी. खाली रिक्षा, भुर्जीच्या गाड्या, माणसांची ही गर्दी. बुधाजीनं गादी दाबून बघितली आणि म्हणाला, ह्याच्यावर माणूस झोपतो का बुडतो?

आता एक गोष्ट तुम्हा शहरातल्या पोरांना सांगायला हवी. खाजणातली शेती म्हणजे खाडीच्या पाण्याशी रोजचं भांडण. मध्ये फक्त मातीचा बांध. अमावस्येच्या उधाणाला त्याला भगदाड पडतं, त्याला आम्ही खांड म्हणतो. ज्याला खांड दिसेल त्यानं हाक मारायची, आणि ज्याच्या कानावर पडेल त्यानं पहिल्याच हाकेला ओ द्यायची. बाकी मुलखात रात्रीच्या हाकेला तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय ओ देत नाहीत. आमच्याकडे तिसऱ्या हाकेची वाट बघाल तर गावाचं भात गेलं. आणि एकट्यानं खांडीत उतरायचं नाही. एकानं पाण्यात उभं राहायचं, दुसऱ्यानं माती द्यायची. बुधाजी हे सगळं विसरणार कसा? ते रक्तात असतं.

साडेअकराचा सुमार असेल. केतन मोबाईल बघत पडला होता. बुधाजीला डोळा लागला होता. बाहेरून हाक आली.

“खांड गेलीऽऽ... कोन हाय रंऽऽ...”

केतनला वाटलं, खाली कुणी पिऊन ओरडतंय. तेवढ्यात बुधाजी झोपेतच म्हणाला, “आलू रं, आलू.”

बस. एवढीच चूक.

खालच्या रस्त्याचा आवाज बंद झाला. केतन उठून काचेशी गेला. गर्दी होती तशीच. रिक्षा होत्या. माणसं हसत होती, खात होती. पण आवाज नाही...

बुधाजी उठून बसला होता. पाय खाली सोडलेले. म्हणाला, हा अंबाजी. अंबाजी त्याचा बांधावरचा जोडीदार. मोठ्या उधाणात खांड बुजवायला उतरला, तो मिळालाच नाही. त्याला तीस वर्षं होऊन गेली.

केतननं दार ओढलं. मूठ फिरली. दार हललं नाही. बाहेरून कुणी धरून ठेवल्यासारखं. त्यानं खोलीतल्या फोनवरून खाली काउंटरला फोन लावला. पलीकडे उचलला. कुणी बोललं नाही. नुसतं पाणी... आत शिरणारं पाणी. मोबाईलला रेंज नव्हती. त्यानं खुर्ची उचलून काचेवर घातली. काचेला ओरखडा नाही. खाली भुर्जीवाला अंडं फोडत होता. एकानंही मान वर केली नाही. पनवेलच्या भर बाजारात, हजार माणसांच्या डोक्यावर, माझा भाचा काचेमागं ओरडत होता.

“माना सोड, पोरा,” बुधाजी म्हणाला. “ओ दिली मी. जावाला लागंल.”

केतननं त्याला कवेत धरलं. डोळा जाईल, बाबा. जीव जाईल. म्हाताऱ्यात ताकद कुठून आली होती कुणास ठाऊक.

मग आवाज आला. आता बाहेरून नाही. फरशीखालून.

“बुधाजी... किती जन हाव?”

बुधाजी थांबला. एकदम.

केतन म्हणतो, बाबांनी माझ्याकडे बघितलं. एका डोळ्यानं. खूप वेळ. डोक्यापासून पायापर्यंत. मग माझ्या तोंडावर हात दाबला.

“यकटाच हाय,” बुधाजी म्हणाला.

“...दुसरा कोन हाय?”

“न्हाय.”

“...पोर हाय ना तुजा?”

तोंडावरचा हात अजून घट्ट झाला.

“माना पोर न्हाय,” बुधाजी म्हणाला. “मी यकटा. माजा डोला कापलाय. यकट्याचा काय उपेग, अंबाजी? तू जा.”

काही नाही...

काही नाही...

फरशीखाली कुणीतरी चालत होतं. पलंगाखालून दाराकडे. दारापाशी थांबलं. तिथंच थांबलं.

मग रिक्षाचा हॉर्न वाजला. रस्त्याचा सगळा गलका एकदम खोलीत आला. दार आपोआप बोटभर उघडलं होतं. बाहेर जिन्यावर पिवळा दिवा, आणि कुणी नाही. बुधाजी कुशीवर वळला आणि लहान पोरासारखा झोपून गेला. केतन सकाळपर्यंत त्याच्या पायाशी बसून होता. आपण वाचलो, दोघंही वाचलो, म्हणून रडत होता बिचारा.

सकाळी डॉक्टरनं पट्टी काढली. बोटं दाखवली, म्हाताऱ्यानं बरोबर मोजली. कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचली. नर्सच्या कानातले खडे कुठल्या रंगाचे तेही सांगितलं. डॉक्टर खूश. म्हणाला, काका, तुम्हाला घेऊन कोण आलंय?

“कोन न्हाय. यकटाच आलू,” बुधाजी म्हणाला.

केतन समोर उभा होता. हातभर अंतरावर.

दोन वर्षं होत आली. मुंबईचे मोठे डॉक्टर झाले, देवऋषी झाले. डोळा ठणठणीत आहे. सगळं दिसतं, सगळे दिसतात. त्या रात्री ‘न्हाय’ म्हटलेला केतन तेवढा दिसत नाही. त्याचा आवाजही पोचत नाही. रोज संध्याकाळी म्हातारा उंबऱ्यात बसतो आणि सुनेला विचारतो, केतन कवा येल गं? केतन त्याच्याशेजारीच बसलेला असतो. मला ते बघवत नाही, खरं सांगतो. मी हल्ली त्यांच्याकडे फारसा जात नाही.

गेल्या दिवाळीला गेलो होतो. केतन बापाच्या शेजारी बसला आणि त्यानं हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. बुधाजीनं वर बघितलं, कौलातून गळतंय का म्हणून. मग खांद्यावरचा टॉवेल घेऊन हात पुसला. कोरडी हवा, आभाळात ढग नाही. टॉवेल मी हातात घेऊन बघितला, ओला होता. दोरीवर टाकला.

दुपारी वाळला तेव्हा त्यावर खाडीचं मीठ उमटलं होतं. पाच बोटं. पांढरी.