चाळीस अंगरख्यांचा उतरता खांदा

पेटी उघडली आणि शिंपी गनीभाईंनी मुलीकडे नुसतं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं अल्मासला वाटलं.

आत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले होते. जुन्या अंगरख्याचे कागदी नमुने गायब.

त्याला पंधरा दिवस झाले. पेटीची किल्ली अल्मासकडे असायची, म्हणून म्हातारा तेव्हापासून तिच्या हातचं पाणी पीत नव्हता. लढाईचे देखावे करणाऱ्या मंडळाचे कानिफनाथ सर तर नगरभर सांगत सुटले होते, की पोरीनं नमुने पुण्याला विकले. चाळीस मावळ्यांचे कपडे ती शिवणार होती. ते काम गेलं. नाव गेलं ते वेगळंच.

शेवटी ती केडगावला आपल्या शिवणक्लासच्या जुन्या बाईंकडे, सिल्व्हिया साळव्यांकडे गेली. बाईंनी रडू दिलं नाही. सरळ रिक्षा केली आणि दुकानात येऊन गनीभाईंसमोर स्टूल ओढलं.

"नमुने कसे होते?"

"सिमेंटच्या पिशवीचा आतला कोरा कागद. वालिदांनी, माज्या वडलांनी, काढल्ते. एका सरदाराच्या घरचा अंगरखा दुरुस्तीला आल्ता, त्याच्यावरनं. त्या मानसाचा डावा खांदा उतरलेला हुता. तसाच उतरवला कागदावर."

"मग तुम्ही कापायचात कसं?"

"कागदावर उर्दूत लिवलंय ना. हा खांदा त्या मानसाचा, कापताना सरळ कर."

"आणि बंद? बांधायच्या नाड्या कुठं?"

"डाव्या बगलेखाली. हिंदूंचे डावीकडं, आमच्यात उजवीकडं बांधायचे. जुना रिवाज हाय, बाई."

"कागद कोणी पाहिलेत?"

"घरच्यांशिवाय कुनीच न्हाई. तुमाला तरी कधी दावले का?"

बाई अल्मासकडे वळल्या. "नमुने गेले त्या आठवड्यात दुकानात कोण कोण आलं होतं?"

"शुक्रवारी सर आल्ते, मापांची यादी द्यायला. अब्बा नमाजाला गेल्ते. मी चहा सांगायला कोपऱ्यावर गेले. शनिवारी राजनंदिनी आली, सावेडीत बुटीक आहे ती. तेव्हाही मी दोन मिनिटं आत होते."

"किल्ली?"

"मशीनच्या ड्रॉवरमध्ये."

"वा! कुलूप पेटीला आणि किल्ली गिऱ्हाइकाच्या हाताशी," बाई म्हणाल्या. "उठा गनीभाई. आज मंडळाची रंगीत तालीम आहे."

मैदानावर मोठा फलक होता. 'संपूर्ण अस्सल ऐतिहासिक वेशभूषा. संशोधन : कानिफनाथ सर.' खाली सरांचा फोटो, कपाळावर चंद्रकोर, हातात तलवार.

चाळीस पोरं नवे अंगरखे घालून उभी होती. बाई एकेकाच्या पाठीमागून चालत गेल्या. मग राजनंदिनीला गाठलं. तीही त्यांचीच विद्यार्थिनी.

"हे अंगरखे शिवलेस तू?"

"हो बाई. नमुने सरांनी दिले. नवे कोरे, पांढऱ्या कागदावर. म्हणाले, संग्रहालयातल्या अंगरख्यावरून काढलेत."

"बंद उजवीकडे का?"

"मीही विचारलं. सर म्हणाले, तू शिंपीण आहेस, सुई चालव. इतिहास आम्ही बघतो."

तेवढ्यात सर आलेच. "बाई, या या! तुम्ही मात्र भलत्या लोकांबरोबर दिसताय."

"यांचे जुने कागद हरवलेत, सर. त्याची चौकशी करतेय."

"कसले कागद हो! सिमेंटच्या पिशवीवरच्या रेघोट्या. त्याला काय संशोधन म्हणायचं?"

बाई हसल्या नाहीत. "पिशवीचा कागद होता हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी या घरात तीस वर्षं येते. मला आज कळलं."

सरांनी राजनंदिनीकडे बोट दाखवलं. "ही... ही राजनंदिनी बोलली असेल."

"मी?" राजनंदिनी किंचाळली. "मी ते कागद बघितलेसुद्धा नाहीत!"

"राजनंदिनी चोर नाही आणि अल्मासही नाही," बाई मोठ्यानं म्हणाल्या. चाळीस माना वळल्या. "पोरांनो, शेजाऱ्याचा खांदा बघा. प्रत्येकाचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय. अख्खी फौज वाकडी? गनीभाईंच्या नमुन्यात डावा खांदा उतरता होता आणि बंदही डावीकडे. इथं दोन्ही उजवीकडे. म्हणजे नमुना तोच, फक्त पालथा. कागदाच्या एका बाजूला उर्दू लिहिलेलं. ते दिसायला नको म्हणून चोरानं कागद पालथा घातला आणि कोऱ्या बाजूनं गिरवला. शिवणाऱ्या माणसानं हे केलं नसतं. एका बगलेत बंद असलेल्या कपड्याचा नमुना उलटवला की बाजू बदलते, हे माझ्या क्लासमधली पहिल्या महिन्याची पोरगी सांगेल. इतिहास कळणाऱ्यानंही केलं नसतं. ज्याला दोन्ही येत नाही, असा इथं एकच माणूस आहे. त्याचा फोटो वर लावलाय."

कोणीतरी फिसकन हसलं.

"काम अल्मासलाच दिलं होतं ना? मग चोरी कशाला?" बाईंनी विचारलं.

सरांचा आवाज खाली आला. "शिवून घ्यायला हरकत नव्हती. पण ती फलकावर वडिलांचं नाव मागत होती. आमच्या फलकावर... लोक काय म्हणतील? तुम्ही समजून घ्या ना, बाई."

"समजलं. कला पाहिजे, नाव नको. वर पोरीला चोर ठरवलंत." बाई बाजूला थुंकल्या. आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत.

नमुन्यांची खाकी गुंडाळी सरांच्या गाडीच्या डिकीतून निघाली. ती देताना सर म्हणाले, "बरं, टाकतो नाव. अगदी मोठ्या अक्षरात टाकतो."

अल्मासने गुंडाळी छातीशी धरली. "नको. तुमच्या शेजारी अब्बांचं नाव? घाण वाटेल आम्हाला."

मागं एका पोरानं उजव्या बगलेतले बंद सोडले आणि अंगरखा काढून फलकाखाली टाकला. मग दुसऱ्यानं.

गनीभाई मुलीसमोर मान खाली घालून उभे होते.

"तुम्हीही काही कमी नाही," बाई त्यांच्यावर कडाडल्या. "त्यानं कागद पालथा केला, तुम्ही पोटच्या पोरीकडे पाठ फिरवलीत. पाणी मागा तिच्याकडे. आत्ता. माझ्यादेखत."

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. अल्मासने बाटली लगेच दिली नाही. थोडं थांबली. पंधरा दिवस थांबली होती, त्यालाही कळू दे म्हणून.

मग दिली.