अकरा महिन्यांची फरशी

तळेगावातल्या त्या दोन खोल्यांत हेमांगी सोनटक्के वडिलांना, म्हणजे दादांना, घेऊन राहायला आली, त्याला अकरा महिने होत आले होते. पुण्यातल्या घरात दादा तीनदा पडले होते. कंपवातामुळे पाय कधी दगा देतील याचा नेम नव्हता. इथे ते एकदाही पडले नाहीत. तोल जाऊ लागला की पायाखालची जाणती फरशी केसभर उचलली जाई आणि माणूस सावरला की पुन्हा सपाट होई. अशी फरशी आता बऱ्याच घरांत होती, पण माणसाची चाल शिकायला तिला सहा महिने लागत. दादांना मात्र तिने पहिल्याच दिवशी सावरले होते. त्याचे सगळे श्रेय हेमांगीने तळेगावच्या हवेला देऊन टाकले होते.

आता भाडेकरार संपत होता, आणि नव्या करारापूर्वी फरशीची स्मृती पुसायची असा कायदा होता. एकाची चाल दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. भाडेकरू तोच राहणार असला तरी नियम तो नियम. पुसणारा माणूस अकराला येणार होता. हेमांगी सकाळीच खाली घरमालकीणबाईंकडे गेली.

"काकू, पुसू नका हो. पुन्हा सहा महिने कसे काढू? मागे खुबा मोडला होता, आता पडले तर उठायचे नाहीत."

मिराशी काकू मेथी निवडत होत्या. "गेल्या वर्षीही कुठे पुसली होती?" त्या म्हणाल्या. "पुसायला आलेल्याला चहा-पोहे दिले, सही घेतली, वाटेला लावलं."

"पण का?"

"आमच्या ह्यांनाही हाच आजार. शेवटची तीन वर्षं वरच चालायचे. ते गेल्यावर मी तिथे जाऊन बसायची. त्यांच्या वेळेला फरशी आपली उठायची, बसायची. वाटायचं, फेऱ्या घालताहेत."

म्हणजे पहिल्या दिवशी दादांना सावरले ते काकांच्या पावलांनी! हेमांगीला हायसे वाटले, आणि लगेच काळजात चर्र झाले. "पण आता ती दादांची चाल शिकतेय. मग काकांची..."

"पुसत जाते, रोज थोडी. ठाऊक होतं मला. दोन वर्षं घर बंदच ठेवलं होतं. मग तू आलीस, वडिलांचा हात धरून. नाही कसं म्हणणार?"

हेमांगी वाकून त्यांच्या पाया पडली. "काकू, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले गं? वारसाने सही दिली तर चाल दुसऱ्याला देता येते म्हणे, मग पुसावी लागत नाही. आज रीतसर देऊन टाकते."

अकराला माणूस आला. काकूंनी सही केली, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्या जिना चढून वर आल्या. दादा खोलीत फेऱ्या घालत होते. खिडकीपाशी ते थांबले, चौकटीवर दोन बोटे टेकवली आणि वळले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"या, या," दादा म्हणाले. "बरं झालं आलात, एक विचारायचंच होतं. जन्मभर मी उजवं पाऊल आधी टाकत आलो. इथे आल्यापासून डावं आधी पडतं. खिडकीपाशी पाय आपोआप थांबतात, आणि मला तर बाहेर बघायची मुळीच हौस नाही. मालकीणबाई, ही सवय कुणाची हो?"