उघडं राहिलेलं पान

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भर दुपारची गोष्ट आहे.

दवाखान्याची वेबसाइट मी सांभाळतो. पीएचपी नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालते. कुणी लॉगिन केलं की त्याचं नाव आणि त्यानं उघडलेलं रुग्णाचं पान एका छोट्या फाइलीत लिहिलं जातं. हेच त्याचं सेशन. अर्धा तास हालचाल नसली की फाइल आपोआप पुसली जाते. त्या दिवशी सेशन फाइलींऐवजी डेटाबेसच्या तक्त्यात एकेका ओळीत साठवायला सुरुवात करायची, एवढंच काम होतं.

सगळ्यांना लॉगआउट व्हायला लावलं. तरी फोल्डरमध्ये एक फाइल उरली.

नाव वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांचं. कडक बाई, डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर जपून बोलत. त्यांना वारून महिना झाला होता. आणि उघडं पान होतं नऊ नंबरच्या खाटेचं. तिथे माझा दादा होता, दुसऱ्या दिवशी घरी येणारा.

फाइलीवरची शेवटच्या हालचालीची वेळ दर चार मिनिटांनी पुढे सरकत होती. वॉर्डात फोन लावला.

"मोठ्या सिस्टरांच्या नावानं कुणी बसलंय का?"

"इथले सगळे कम्प्युटर बंद आहेत..." तिथली सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "कुणाचं पान आहे?"

"दादाचं."

"ते तर आत्ताच हसत होते... ज्याचं काही खरं नाही, त्याचंच पान त्या उघडून बसायच्या."

मला वाटलं, बाई त्याला न्यायला आली आहे. मी फोन ठेवला आणि फाइल पुसली.

दहा मिनिटांत वॉर्डातून फोन आला. दादा गेला होता.

"तुम्ही ते पान बंद केलंत का?" सिस्टर रडत होती. "त्या म्हणायच्या... पान उघडं आहे तोवर मी कुणाला जाऊ देत नाही."

माझ्या हातानं मी दादाला घालवलं. कुणी काही म्हणो, मला तसंच वाटतं.

संध्याकाळी डेटाबेस सुरू केला. पहिली ओळ मोठ्या सिस्टरांच्याच नावाची आली. रुग्णाच्या जागी माझं नाव होतं. मी कधीच दाखल झालेलो नाही, मला काही होतही नाही. ती ओळ मी कुणाला पुसू देत नाही. अर्ध्या तासाचा नियम तिलाही आहे, म्हणून रोज तिची वेळ बघत बसतो, दर चार मिनिटांनी पुढे सरकते.

काल ती एकोणतीस मिनिटं थांबली होती.