जिरवणी क्रमांक तीन

निहिराची आई माहेरी गुहागरला गेली आणि त्याच दुपारी खातूंच्या स्वयंपाकघरात लाल दिवा लागला.

"जिरवणी बंद पडली आहे," मापाडी म्हणाला. "कृपया दुरुस्त करून घ्या."

मापाडी म्हणजे ओट्याच्या वर भिंतीत बसवलेलं यंत्र. २०७१ सालच्या चिपळुणात ते घरोघरी होतं. त्यामागचं शास्त्र तसं सोपं. भूक लागली की माणसाच्या श्वासातले काही वायू बदलतात. मापाडी ते हुंगायचा, पानाखालच्या काट्यावर कोण किती जेवतं ते तोलायचा आणि प्रत्येकाची भूकरेषा काढायचा, म्हणजे दिवसभरात भूक कशी चढते-उतरते त्याची रेघ. या रेघांची बेरीज करून तो तांदूळ आणि पीठ ओतायचा. अगदी मोजून! तरीही घासभर उरलंच तर ते जिरवायला गॅसटाकी होती, गांडूळखताचा ड्रम होता. या सगळ्या सोयीला म्हणायचं जिरवणी.

आणि खातूंचं घर म्हणजे आळीची शान. सहा वर्षं कचरा शून्य! निहिराने शाळेत त्यावर असं दणदणीत भाषण ठोकलं होतं की टाळ्या थांबता थांबेनात.

त्याच घरात लाल दिवा?

तिचा भाऊ शौनक ड्रममध्ये डोकं घालून बसला. आबांनी काठीने माती उकरून पाहिली. "गांडुळं मजेत आहेत रे. आपल्यापेक्षा सुखी." गॅसटाकीही ठणठणीत होती.

पातेल्यात मात्र वाटीभर भात होता, तळाला आमटी होती आणि टोपलीत अर्धी भाकरी. निहिरा त्या उरलेल्याकडे बघतच राहिली. आई घरात नाही, म्हणजे पीठ कमी यायला हवं. आलं होतं नेहमीइतकंच. बरं, नेहमीइतकंच आलं, तर रोज हे एवढं उरायला हवं होतं. ते कधीच का दिसलं नाही? गणित पुढून केलं तरी चुकत होतं, मागून केलं तरी चुकत होतं.

त्यातच मामाचा फोन आला. मामा डॉक्टर. आईला महिनाभर उठता-बसता चक्कर येत होती, म्हणून त्यानेच तिला बोलावून घेतलं होतं.

"भाऊजी, ताईचं रक्त फार कमी झालंय. जेवते ना ती नीट?"

"जेवते की," बाबा म्हणाले. "सगळ्यांच्या मागून जेवते." आणि मग उगाचच पंखा वाढवायला उठले.

आई परत आली त्या दिवशी डॉ. रुबीना चौगुले स्वतः घरी आल्या. मापाडी त्यांनीच घडवला होता आणि अशी तक्रार त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती. त्यांनी भिंतीवर यादी उघडली. जेवणारे: आबा, बाबा, शौनक, निहिरा.

"मॅडम, चारच?" निहिरा म्हणाली. "आई राहिली."

"ओळखपंगत कशी केली होतीत? बसवल्यावर सात दिवस सगळ्यांनी काट्यावर पान मांडून जेवायचं असतं. त्यावरून तो माणसं ओळखतो."

"केली की! सातही दिवस. गोडधोड केलं होतं आईने."

"आणि आई कुठे बसली होती?"

बाबांनी आबांकडे पाहिलं, आबांनी शौनककडे. शेवटी आईच म्हणाली, "मी वाढत होते ना."

चौगुले मॅडमनी दुसरी यादी उघडली. जिरवणी. एक, गॅसटाकी. दोन, खताचा ड्रम. तीन, नाव नाही. उंची पाच फूट एक इंच, चालती-फिरती, जेवणानंतर अर्ध्या तासात काम पूर्ण.

शौनक हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"मापाडीला शून्य गाठायचं असतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तो बघतो, उरलेलं कुठे जातं. या पान मांडत नाहीत, पातेल्यातलंच उभ्याने खातात. त्याच्या लेखी या..."

"ड्रम?" निहिरा ओरडली. "माझी आई ड्रम? आत्ताच्या आत्ता नाव घाला तिचं!"

"अगं ए, मॅडमशी कसं बोलतेस!" आई म्हणाली. "एवढं काय त्यात? अन्न टाकायचं का मग?"

मॅडमनी आईच्या तोंडासमोर श्वास तपासायची नळी धरली. रेघ उमटली, पण ती सरळ आडवी. खरं तर सकाळपासून आईने फक्त चहा घेतला होता. मग मॅडमनी पातेल्यावरचं झाकण काढलं. तळाशी थोडा भात होता. आईची नजर तिकडे गेली आणि रेघ सर्रकन वर चढली.

"भूक सवयीने शिकते," मॅडम पुटपुटल्या. "आपली घड्याळ बघून जागी होते. यांची उरलेलं बघून."

निहिरा त्या रेघेकडे बघत म्हणाली, "म्हणजे मापाडी चुकला नव्हता?"

मॅडम नव्या ओळखपंगतीचा तक्ता उघडत होत्या. मग म्हणाल्या, "चिपळुणात एकतीस हजार मापाडी आहेत. तक्रार एकाच घरातून आली, कारण एकच बाई चार दिवस बाहेर गेली."

निहिराने ताट आणलं, काट्यावर ठेवलं आणि आईला खांदे धरून त्यासमोर बसवलं. तक्त्यात पहिलं नाव तिने स्वतः घातलं: स्वरांगी खातू.

"भूक किती?" मापाडीने विचारलं. "अंदाजे सांगा. भाकरी किती? भात किती?"

आई त्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिली.

"अगं, सांग की काहीतरी," बाबा म्हणाले.

"खरंच कळत नाहीये हो." आई ओशाळून हसली. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग मापाडीकडे वळून अगदी समजुतीने म्हणाली, "तू आधी या चौघांचं विचारून घे. मग मी सांगते."