अर्जातला मोबाइल नंबर

तुमसरच्या बसस्टँडसमोरच्या त्या दुकानात ज्योत्सना शिरली, ती केवळ छत्री उलटी झाली म्हणून. फॉर्म भरायचं तिचं नेहमीचं दुकान दोन गल्ल्या पुढे होतं. पण वाऱ्यानं छत्रीच्या काड्या आभाळाकडे वळवल्या, आणि समोर पाटी दिसली... 'गुंजन ऑनलाइन सेंटर'. कागदांची पिशवी पोटाशी धरून ती आत घुसली आणि ओढणीचं सगळं पाणी कॉम्प्युटरपुढे बसलेल्या तरुणाच्या अंगावर झटकून मोकळी झाली.

"माही आंघोळ झाली होती सकाळीच," तो चष्मा पुसत म्हणाला.

झेरॉक्स मशीनमागे बसलेली बाई खळखळून हसली. ती त्याची थोरली बहीण, उर्वशीताई. दुकानाला नाव तिच्याच मुलीचं, गुंजनचं. तो भुपेंद्र. हे सगळं ज्योत्सनाला नंतर कळलं. त्या घडीला तिला एवढंच कळलं, की चष्मा काढल्यावर त्याचे डोळे फार छान दिसतात, आणि आपण फार बावळट दिसतो आहोत.

"फॉर्म भराचा होता... एमसीएचा."

"बसा. शिक्षण?"

"बी.एस्सी. रसायन, वनस्पती, प्राणी."

"आन् कॉम्प्युटर?"

"मोबाइलवर शिकली थोडं... सीईटीत एक्याऐंशी पर्सेंटाइल हायेत."

त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. "वा! मंग काही चिंता नाई. बारावीले गणित होतं का?"

गणित होतं. जीवशास्त्र आणि गणित, दोन्ही विषय घेतले होते. पण गणितात मिळालेले गुण तिनं आजवर जिवाभावाच्या मैत्रिणीलाही सांगितले नव्हते. ती गुणपत्रिका पेटीच्या तळाशी, आईच्या लग्नातल्या शालूखाली पडून होती. या डोळ्यांसमोर ती काढायची? छे!

"नव्हतं," ती म्हणाली.

"मंग नाई होत." त्यानं स्क्रीन तिच्याकडे फिरवली. "पाहा. डिग्री कोन्तीबी चालते, पन गणित पाहिजे. बारावीले, नाई तं डिग्रीले."

वर्षभर तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, जिथे मोबाइलला रेंज येते तिथे, डास मारत केलेला अभ्यास पाण्यात जाणार होता. ती उठली. दारापर्यंत गेली. मोडकी छत्री उचलली... आणि पाठमोरीच म्हणाली,

"अडतीस असले तं चालते का?"

"काय अडतीस?"

"गणितात."

"अडतीस का, पस्तीसबी चालते! डिग्रीची टक्केवारी पाहतेत, बारावीच्या गणिताची नाई. पन आत्ता तं नव्हतं म्हनल्या तुमी!"

"होतं. सांगन्यासारखं नव्हतं."

भुपेंद्र असा हसला, की तिलाही हसू आवरेना. "माहे सदतीस होते," तो हळूच म्हणाला. "कोनाले सांगू नोका."

दुसऱ्या दिवशी ती गुणपत्रिका घेऊन आली. फॉर्म भरता भरता मोबाइल नंबरचा रकाना आला आणि गाडी अडली. ज्योत्सनाचं घर बपेरा गावी. घरात रेंज नाही. पाळीवर चढलं तर येते, मनात आलं तर. भुपेंद्रच्या दुकानाची अशा वेळची रीत ठरलेली होती : स्वतःचाच नंबर टाकायचा. अर्ध्या तालुक्याचे ओटीपी त्याच्या मोबाइलवर येत. कोणाची शिष्यवृत्ती, कोणाची भरती, कोणाचं घरकुल.

"माहाच टाकतो. मेसेज आला का कळवीन."

"कसं कळवसान? रेंज नाई म्हनून तं..."

"येईन ना सांगाले."

उर्वशीताईचा झेरॉक्सवरचा हात थांबला. लोकांनी दुकानात येऊन विचारायचं, हीच तर रीत होती. आजवर हा कोणाच्या घरी सांगायला गेला नव्हता.

पुढचे मंगळवार मग आपोआपच ठरत गेले. ज्योत्सनाचे वडील, फकिरा, दर मंगळवारी तलावातली मासोळी घेऊन तुमसरच्या बाजारात बसत. ज्योत्सना त्यांना बसवून दुकानात यायची. निमित्त खरं होतं : डिग्री कॉम्प्युटरची नसलेल्यांना पहिल्या वर्षी जादा पेपर होते, आणि ते सुटल्याशिवाय पदवी नाही; त्यांची तयारी भुपेंद्र आत्तापासूनच करून घेत होता. दोन वर्षं, चार सेमिस्टर, शेवटी प्रोजेक्ट. ऐकूनच ती बोटांवर पेपर मोजायला लागायची.

"सोपं हाये ओ," भुपेंद्र म्हणायचा. "आता प्रोग्राममधला हा लूप पाहा. तुमचे बाबा जाळं टाकतेत. ओढतेत. टोपली भरली का? नाई. मंग परत टाकतेत. भरली का थांबतेत. झाला लूप."

"नाई झाला. तलावात मासोळीच नसली तं? बाबा काय मरेपर्यंत जाळं टाकत राहतीन? अंधार पडला का थांबतेत ते. दोन अटी पाहिजेत."

भुपेंद्रनं चष्मा काढला. तो असा चष्मा काढायचा तेव्हा ज्योत्सनाला स्क्रीनवरचं काहीच दिसायचं नाही. "हे मले तीन वर्ष शिकून समजलं होतं," तो म्हणाला.

"तुमचं बी.एस्सी. कशात?"

"कॉम्प्युटरमध्येच."

"मंग पुढं काहून नाई शिकले?"

"सगळ्याईचे फॉर्म भरता भरता... माहा राहूनच गेला." तो हसला, पण नेहमीसारखा नाही. त्या दिवसानंतर 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. उर्वशीताईला मात्र बरोबर कळलं.

पहिल्या फेरीची यादी लागायचा दिवस आला. ज्योत्सना सकाळपासून पाळीवर येरझारा घालत होती. दहा वाजले, अकरा वाजले. मोबाइलवर रेंजची दांडी एकदा दिसायची, लगेच नाहीशी व्हायची. खाली फकिरा डोंग्यातून जाळं सोडत होते आणि दर थोड्या वेळानं विचारत होते, "आला का वो तो पोरगा?" बारा वाजले. नंबर लागला असता तर तो एव्हाना आला असता. लागला नाही, हे सांगायला कोण येतं! तिचे डोळे भरून आले. सीट गेल्याचं दुःख तर होतंच, पण आता मंगळवारही संपले, याचं दुःख त्याहून मोठं निघालं, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

एवढ्यात धानाच्या बांध्यांमधून चिखल उडवत मोटारसायकल आली. भुपेंद्र पाळीवर धावत चढला. शर्टाच्या आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद होता.

"नागपूर! पहिल्याच पसंतीचं कॉलेज! उद्या पाच वाजेपर्यंत जाऊन सीट पक्की कर."

ज्योत्सनानं कागद दोनदा वाचला. जीव भांड्यात पडला. मग तिची नजर कोपऱ्यातल्या वेळेवर गेली. "हा तं दहा वाजताचा हाये! तुमसरहून याले दोन तास लागतेत का?"

भुपेंद्र खाली बघू लागला. "दुकानातच बसून होतो."

"कायले? इथं माहा जीव जाऊन राहिला होता!"

"तू गेल्यावर... मंगळवारी मी काय करू, ते ठरवून राहिलो होतो."

भांडायला उघडलेलं तोंड ज्योत्सनानं मिटलं. "मंग? ठरलं का?"

"नाई."

"बरं," ती म्हणाली. गाल मात्र तिचे चांगलेच तापले होते. "उद्या नऊच्या बसनं मी नागपूरले जातो. आठ वाजता दुकान उघडं ठेवजो."

दुसऱ्या दिवशी आठला ती बॅग घेऊन आली, ती थेट त्याच्याच खुर्चीत बसली. "तुहे मार्कशीट काढ. नागपूरले एम.एस्सी. कॉम्प्युटरचे फॉर्म चालू हायेत. तीन दिवस राहिले. डिग्रीले कॉम्प्युटर पाहिजे, तुह्याजवळ हाये. तुही पात्रता माह्यापेक्षा चांगली हाये."

"पन दुकान..."

"मी का फक्त झेरॉक्स काढाले बसली हावो का इथं?" उर्वशीताई मागून गरजली. "दोन वर्षापासून अर्धे फॉर्म मीच भरतो. दे तिले मार्कशीट!"

ज्योत्सना भरत गेली. नाव. जन्मतारीख. गणित : होय. मोबाइल नंबरच्या रकान्यात तिनं क्षणभरही न थांबता दहा आकडे टाकले.

"हा माहा नंबर नाई," भुपेंद्र म्हणाला.

"माहा हाये. हेच तं रीत हाये ना दुकानाची? आता तुहे सगळे मेसेज मले येतीन. नागपूरच्या होस्टेलात रेंज फुल राहते."

तिच्या हातातला मोबाइल टुणकन वाजला. ओटीपी आला होता. तिनं तो छातीशी धरला.

"सांग ना," तो कीबोर्ड स्वतःकडे ओढत म्हणाला. "दहा मिनिटंच चालते."

"पहिले तू सांग. मंगळवारचं काय ठरलं?"

बाहेर नागपूरच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भुपेंद्रनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. "ठरलं... मंगळवारी तुले भेटीन. नंबर लागला तं रोज भेटीन. नाई लागला तं बसनं येऊन भेटीन."

"काहून पन?"

"आवडतं मले तू... लय."

उर्वशीताईनं कागद नसतानाच झेरॉक्स मशीन चालू केलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ज्योत्सनानं मोबाइल छातीवरून खाली घेतला. "मलेबी," ती म्हणाली. "चार... शून्य... सात... सात... एक... नऊ."

भुपेंद्रनं तिच्याकडे बघतच आकडे दाबले, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. ओटीपी चुकला होता. दुकान उघडल्यापासून पहिल्यांदाच त्यानं ओटीपीचे आकडे चुकवले होते.

"परत पाठवा लागंल," तो ओशाळून म्हणाला.

"पाठव," ज्योत्सना म्हणाली. मोबाइल तिनं पुन्हा छातीशी धरला. "पन मंग तेबी परत सांगा लागंल."

बसनं आणखी एक हॉर्न दिला, आणि भुपेंद्रनं परत सांगितलं, या वेळी झेरॉक्स मशीनच्याही वर आवाज चढवून.