न मारलेला ठोका

वैजू घोडकेने सात मात्रांच्या एका आवर्तनात एकोणचाळीस ठोके कोंबले, तेव्हा मिरजेच्या ध्वनी-मेंदू प्रयोगशाळेच्या काचा थरथरल्या आणि मेंदूच्या लहरी टिपणारे तरंगटोप घालून बसलेल्या बारा श्रोत्यांनी कानांवर हात ठेवले.

"वैज्या, माझा आवाज कुठे गेला? वरातीत?" गायिका केतकी कडाडली. प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड तिचा. संध्याकाळी मैफल, आणि ड्रम्सवरच्या वैजूला ही शेवटची संधी; हात आवरायला शिकावा म्हणून तिनेच त्याला इथे आणलं होतं.

"काय करू? चार पिढ्यांचे ताशेवाले आम्ही. हात थांबला की मंडप आला समजून नवरदेव घोड्यावरून उतरतो!"

मेंदूतज्ज्ञ डॉ. नसीमा मुल्ला खळखळून हसल्या. "मेंदू त्या नवरदेवापेक्षा आगाऊ. पुढचा ठोका कधी पडणार ते ओळखून तो आधीच दबा धरतो. ठोका पडलाच नाही, तर स्वतः मारून घेतो. हा मनठोका. पडला की टोपावरचा दिवा हिरवा होतो."

"म्हणजे मी न वाजवता ऐकू येतं, मॅडम?"

"हो, पण ठोक्याची वाट पाहणाऱ्यालाच. तीनदा वाजवून सवय लाव, चौथ्यांदा गाळ."

वैजूने तीन आवर्तनं सरळ वाजवली. चौथ्यात सातवी मात्रा आली. हात असा शिवशिवला, की त्याने तो मांडीखाली दाबून धरला. खोलीत चिडीचूप, आणि बाराच्या बारा दिवे हिरवेगार!

"आयला!" वैजू स्टुलावरून उडालाच. "पुन्हा, मॅडम, पुन्हा!"

संध्याकाळी दोन हजार माणसं. चौदा मिनिटांचं गाणं. केतकी गात होती आणि वैजूची काठी झांजेला नुसती शिवत होती. शेवटच्या आवर्तनात तिने सूर आढ्याला नेऊन भिडवला. आता आभाळ कोसळणार! वैजूने दोन्ही काठ्या उगारल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

दोन हजार माणसं खुर्च्यांवरून वीतभर उडाली. वीतभर म्हणजे वीतभर. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांची तर कवळी दुसऱ्याच्या मांडीवर पडली.

केतकीने धावत येऊन वैजूला मिठीच मारली. "तुझी जागा पक्की! बाबा रे, काय तो शेवटचा ठोका! छातीतून आरपार गेला!"

"मलाही फसवलंस!" मुल्ला मॅडम टाळ्या पिटत होत्या.

वैजू मात्र काठ्यांकडे बघत राहिला. त्या खाली येणार नाहीत, हे अख्ख्या सभागृहात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. त्याने वाट पाहिलीच नव्हती.

"केतकी," तो अधीरपणे म्हणाला, "सांग ना, कसा वाजला?"